पैनगंगेच्या दोन तीरांवरचा आणा

आदिलाबादहून नागपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले की पैनगंगा लागते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. अलीकडच्या तीरावर जैनथ, बेला या भागांतही मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आज पुलावर दोन राज्यांच्या पाट्या तेवढ्या दिसतात. एके काळी मात्र ही नदी ओलांडताना कनवटीचा पैसाही बदलावा लागे.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तेथे कलदार चाले, येथे निजामाचा हाली सिक्का. हालीत चांदी कमी. म्हणून सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे. भाषा एक, सोयरीक एक. परंतु रुपयाचे मोल दोन तीरांवर दोन.

नाण्यांचे रूपही निराळे. हालीच्या चांदीच्या चवलीपासून रुपयापर्यंत चारमिनार विराजमान असे. मीर महबूब अली खानांच्या काळात त्याच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर होते, पुढे मीर उस्मान अली खानांच्या काळात ‘ऐन’ आले. तांब्याच्या पैवर तुघ्रा, म्हणजे राजनामाची वेलबुट्टीदार गुंफण. राजाचा चेहरा कोठेच नाही. कलदारावर मात्र इंग्लंडच्या राजाचे मुख ठसठशीत दिसे.

एक गोष्ट आम्हांस नेहमी विचारात पाडते. १९०७ पासून निघालेल्या इंग्रजी एक आण्यावर मूल्य देवनागरी, तेलुगू, बंगाली आणि उर्दू अशा चार लिप्यांत कोरलेले असे. आमच्या जिल्ह्यातील मराठी वा तेलुगू माणसाला आपली लिपी परक्याच्या आण्यावर सापडे. स्वतःच्या संस्थानच्या नाण्यावर मात्र सापडत नसे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. १९४९ मध्ये, प्रजासत्ताक होऊनही भारत राष्ट्रकुलात राहील, असे लंडनमध्ये ठरले. त्यामुळे राष्ट्रकुलातील कित्येक देशांच्या नाण्यांवर राजमुख राहिले, तरी १५ ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या आपल्या नाण्यांवर सारनाथचे सिंह आले. पैशावर घोडा आणि आण्यावर बैल, हे दोघेही त्याच स्तंभशीर्षावरचे. बैल पाहून ओळखण्यास अक्षरज्ञान लागत नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्याला हा आणा सारखाच वाचता येई, आणि त्याचे मोलही सारखेच होते. १९५१ मध्ये हाली पाडणे थांबले. १९५९ मध्ये त्याचे चलनही संपले.

१ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला आणि सोळा आण्यांचा हिशेब मागे पडला. ३० जून २०११ नंतर तर चार आण्यांची पावलीही व्यवहारातून गेली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आजीच्या डब्यात असा जुना चार लिप्यांचा आणा असेल, तर तो मुलांच्या हाती द्यावा. देवनागरी अक्षरे घरी वाचून घ्यावीत, तेलुगू अक्षरे मुले शाळेत शिकतातच. त्या एवढ्याशा धातूवर दोन्ही लिप्या शेजारी नांदल्या. येथे राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांनाही तसेच नांदायचे आहे, आपले अक्षर पुसू न देता.