प्रकाशाच्या रात्री

सुरतेहून भुसावळकडे जाणार्‍या आगगाडीनें नंदुरबारास उतरावें आणि शहाद्याची एस्. टी. धरावी, म्हणजे तासाभराच्या आंत तापीचा रुंद पूल लागतो. पूल ओलांडतांच उत्तर तीरावर देवळांचीं शिखरें दिसूं लागतात. हेंच प्रकाशा. सातपुड्यांतून उतरलेली गोमाई येथें तापीस मिळते. तिसरी पुलिंदा गुप्तरूपानें या संगमास येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर हीं शिवालयें येथें असल्यामुळें खानदेशांत या गांवास दक्षिणकाशी म्हणतात. काशीस जाऊन आलेला मनुष्यहि येथें येऊन पुष्पदंतेश्वराचें दर्शन घेईपर्यंत आपली यात्रा पुरी झाली असें मानीत नाहीं.

गांव तीर्थाहूनहि जुनें आहे. १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं येथील पांढरीचें टेकाड खणविलें, तेव्हां ताम्रपाषाण युगांतील रंगीत नक्षीचीं भांडीं हातीं आलीं. म्हणजे निदान साडेतीन हजार वर्षांपूर्वीं या कांठावर चुली पेटत होत्या. परंतु देवळें आणि उत्खनन यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज सांगावयाचें आहे तें प्रकाशाच्या रात्रींविषयीं.

याला कारण माझा भाचा. मुंबईस मोठ्या हुद्द्यावर असलेला हा पन्नाशीचा गृहस्थ गेल्या दिवाळींत आमच्याकडे आला, आणि फराळाच्या ताटावर बसून आपल्या तरुणपणच्या वाइन बारांच्या गोष्टी सांगूं लागला. तो मंद उजेड, ते उंच देठाचे पेले, तें पाश्चात्य वाद्यसंगीत, पहांटे समुद्राच्या कठड्यावर बसणें. आणि त्यांतील एकेक जागा आतां कशी बंद झाली, हें सांगतांना त्याचा आवाज खरोखरच जड झाला. मग तो थट्टेनें म्हणाला, "मावशी, तुझ्या प्रकाशाला रात्रीं काय असे ग? आठ वाजतां कंदील मालवून झोपत असाल!"

वाचक भगिनींनो, आठाला कंदील मालवत असे, हें खरें. पण रात्र तेव्हां कोठें सुरू होत असे!

श्रावणांत नागपंचमी झाली, कीं पुढच्या रविवारीं कानबाई बसे. ही खानदेशची लाडकी देवी. नारळाला डोळे, नथ, लुगडें घालून तिची स्थापना करावयाची, कुळाच्या मापानें गव्हाचे रोट करावयाचे, आणि रात्रभर जागरण. आमच्या घरीं हें कुलाचार म्हणून नव्हतें; पण शेजारच्या वाड्यांतून बोलावणें येई, आणि एरवीं दिवेलागणीनंतर उंबरठा ओलांडूं न देणारी आमची आजी त्या रात्रीं स्वतः आम्हां मुलींना घेऊन निघे. अहिराणी गाण्यांवर गाणीं होत, फुगड्या होत, सासूबाईंच्या नकला होत. घरांतील पुरुष ओसरीवर पेंगत आणि बायका माजघराचे राजे होत. सोमवारीं सकाळीं डोक्यावर देवी घेऊन, वाजत-गाजत सारा मेळा नदीवर जाई. मुंबईच्या कोणत्याहि दिवाणखान्यांत बायकांनीं इतकें मोकळें हंसून घेतलें असेल, असें मला वाटत नाहीं.

अक्षय्यतृतीया म्हणजे आमची आखाजी. तिला सासुरवाशिणी माहेरीं येत. झाडाझाडास झोके टांगलेले असत, आणि चांदण्यांत त्यांवर उभ्या राहून मुली गौराईचीं गाणीं म्हणत. पुरुषमंडळी त्या दिवशीं उघड्यावर पत्ते कुटीत. वर्षभर जुगाराला नांवें ठेवणारे वडीलधारेहि त्या रात्रीं तिकडे पाठ फिरवून बसत. महाशिवरात्रीस केदारेश्वराच्या आवारांत माणूस मावत नसे. मार्गशीर्षांत दत्तजयंतीस तापीच्या वरच्या अंगास सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरे, ती आजहि भरते. दूरदूरचे घोडे विकावयास येतात, आणि रात्रीं तमाशाचे तंबू उभे राहतात. त्या तंबूंकडे आमचे काका 'घोडे पाहण्यास' जात, आणि घोड्यांना रात्रीं काय पाहावयाचें असतें, हें आजी त्यांना दर वर्षीं विचारी.

या सार्‍या झाल्या पांढरपेशा आणि शेतकरी वस्तीच्या रात्री. खरी रात्र गांवकुसाबाहेर होती.

माघ-फाल्गुनांत उत्तरेकडून वारा आला, कीं त्याच्याबरोबर ढोलाचा नाद येई. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा वस्त्यांतून होळीपूर्वीं भोंगर्‍या बाजार भरत, आणि गच्चीवर निजलेल्या आम्हां मुलांना तो नाद अंथरुणांत ऐकूं येई. अगदीं धिमा आणि खोल, जणूं डोंगरच श्वास घेत आहे. त्या नादामागून एक उग्र, गोडसर वास येई. आई पदर नाकाशीं नेई. आम्हीं मात्र तो चोरून घेत असूं. तो मोहाचा वास.

मोहाचें फूल कधीं पाहिलें आहे काय? तें झाडावर पाहावयाचें नसतें. चैत्राच्या सुमारास पहांटे तीं मांसल, पिवळट-पांढरीं फुलें टपटप खालीं पडतात, आणि झाडाखालची जमीन आधींच झाडून ठेवून आदिवासी बाया-पोरें उजाडण्यापूर्वीं तीं वेंचतात. वाळविलीं म्हणजे तीं मनुकांसारखीं दिसतात. टंचाईच्या महिन्यांत तींच उकडून, भाजून खावयाचीं. बियांचें तेल काढावयाचें. आणि फुलें आंबवून मडक्यांतून त्यांचा अर्क उतरवावयाचा. त्यांतली पहिली धार देवाला आणि पूर्वजांना. लग्नांत, पंचायतींत, होळींत त्यावांचून कांहींच पुरें होत नसे. म्हणजे ज्याला आपण दारू म्हणून नाक मुरडीत होतों, तें त्यांच्या घरचें अन्न होतें, औषध होतें, आणि नैवेद्यहि होता.

मग हें अन्न विष केव्हां झालें? याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरोघर दारू गाळणें हा गुन्हा ठरला आणि विक्रीचा मक्ता ठेकेदारांकडे गेला. १८९२ च्या कायद्यानें तर ठाणें-कुलाबा भागांत मोहफुलें जवळ बाळगण्यावरहि बंधनें घातलीं. सणावारीं फुकट मिळणारी वस्तु आतां रोज पिठ्यावर पैशानें मिळूं लागली. पैसा नसला तर उधार, उधार फिटली नाहीं तर जमीन. पुष्कळांच्या शेतांची गोष्ट एवढीच आहे.

आणि या गोष्टीचें उत्तरहि प्रथम त्यांनींच शोधलें, हें आपण शहाण्या लोकांनीं ध्यानांत ठेवावें. १९२२ सालीं सुरत जिल्ह्यांत आणि डांगाच्या बाजूस हजारों आदिवासी एका देवीच्या आज्ञेनें दारू सोडून बसले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत आमच्या शेजारच्या तळोदें तालुक्यांत मोरवडचे गुलाम महाराज उभे राहिले. 'दारू सोडा, स्नान करा, एकमेकांस आप म्हणा' इतकाच त्यांचा उपदेश. ज्याला जन्मभर 'अरे, तुरे' ऐकावें लागलें, त्याला कोणी 'आप' म्हणावें, यांत केवढी क्रांति होती! सोमवारच्या आरतीस डोंगरांतून माणसांचे लोंढे येत. १९३८ सालीं महाराज वारले, आणि त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें चालविलें.

मुंबई राज्यांत १९५० च्या एप्रिलांत संपूर्ण दारूबंदी झाली. पण माझ्या लहानपणीं मडकीं पुरलेलीं असत नाल्यांत, आणि गुत्ते चालत अंधारांत. आमच्या घरीं धुण्याभांड्यास एक भिल्लीण येई. तिचा डोळा कधीं सुजलेला असे, कधीं ओठ. आई विचारी, ती म्हणे, "पडलें." आईहि मग अधिक विचारीत नसे. ज्या ढोलाच्या नादानें मी गच्चीवर मोहून जात असें, त्याच रात्री तिच्या खोपटांत काय करीत, हें तेव्हां आमच्या घरांत कोणी उच्चारीत नव्हतें.

१९७२-७३ च्या सुमारास मात्र शहादें तालुक्यांत नवलाची गोष्ट घडली. अंबरसिंग महाराज सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते यांच्या चळवळीनें जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न पेटलेलाच होता. त्यांतच बायकांचें एक शिबिर भरलें. जमिनीविषयीं बोलतां बोलतां बायका माराविषयीं बोलूं लागल्या, आणि बोलून थांबल्या नाहींत. त्यांनीं जवळच्या गांवीं जाऊन दारूचीं मडकीं फोडलीं. मग हें लोण गांवोगांव गेलें. बायकोला मारणार्‍यास चारचौघांत जाब विचारला जाऊं लागला. आमची बाईहि एका रात्रीं त्या घोळक्यांत गेली होती. दुसर्‍या दिवशीं ती उशिरां आली. हातावर खापराचा ओरखडा होता. आईनें विचारलें, तेव्हां ती प्रथमच 'पडलें' म्हणाली नाहीं. भांडीं घांसावयाचीं सोडून ती अर्धा तास ओसरीवर बसून सांगत होती, आणि आईनें तिला स्वतः चहा करून दिला. आमच्या त्या घरांत ही गोष्ट त्यापूर्वीं झालेली मला आठवत नाहीं.

पुढें नोकरींतून निवृत्त झाल्यावर मी अक्कलकुव्याच्या डोंगरांतील काठीची राजवाडी होळी पाहून आलें. उंच बांबूची ती होळी पहांटे पेटते. तोंवर रात्रभर ढोल, बासर्‍या, अंगावर राखेचे पांढरे ठिपके काढलेले, कमरेला घुंगरू आणि दुधे बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले नाचे. त्यांतील पुष्कळ जण व्रत पाळून आलेले असतात. भूमीवर निजतात, कडक नेम करतात. लहानपणीं दुरून ऐकलेला नाद तेथें पायांच्या तळव्यांतून वर चढला. या आनंदाचा जीव मडक्यांत नव्हता, ढोलांत होता, असें माझ्या मनानें तेथें घेतलें.

आजचें प्रकाशा पुष्कळ बदललें आहे. धरणाच्या बांधानें तापी आतां संगमाशीं तुडुंब असते. ज्या वाळूंत आम्हीं उन्हाळ्यांत खेळलों, ती पाण्याखालीं गेली. बुर्‍हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर मालमोटारी रात्रभर धांवतात आणि ढाब्यांचे रंगीत दिवे पहांटेपर्यंत जळतात. १९९८ पासून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा आहे, आणि त्याच जिल्ह्यांतील नवापूर स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रांत, अर्धा गुजराथेंत आहे. एकाच फलाटावर चार पावलें चाललें, कीं परवान्याचें राज्य संपून बंदीचें राज्य सुरू होतें. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें मोहफुलांवरील निर्बंध उठविले; शेजारच्या मध्य प्रदेशांत तर मोहाचें मद्य 'वारसा' म्हणून सुरेख बाटलींत भरूं लागले आहेत. उद्यां माझ्या भाच्याच्या वाइन बारांत तेंच उंच देठाच्या पेल्यांतून मिळेल, आणि त्याला तें फार अभिजात वाटेल. वाटूं दे. फक्त त्या बाटलीचा पैसा पहांटे फुलें वेंचणारीच्या ओटींत किती पडतो, हें त्यानें एकदां विचारावें.

गेलेल्या रात्रींची हुरहुर वाटणें यांत गैर कांहीं नाहीं; मलाहि ती वाटते. परंतु कोणत्याहि रात्रीची आठवण काढतांना एक प्रश्न जवळ ठेवावा: आपण जागत होतों तेव्हां आणखी कोण जागत होतें, आणि कशासाठीं? कानबाईची रात्र या प्रश्नास उतरते, काठीची होळी उतरते. ज्या उतरत नाहींत, त्या गेल्या म्हणून फार हळहळूं नये.

कोणा भगिनीस प्रकाशास जावयाचें असेल, तर श्रावणांत जावें. दिवसां केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर पाहावे, सायंकाळीं संगमावर दिवा सोडावा. आणि कानबाईचा रविवार असेल, तर मुक्कामाची घाई करूं नये. कोणीतरी हांक मारून घरांत घेईल, रोटाचा तुकडा हातावर ठेवील, आणि मग झोपेचें नांव काढण्याचें कारण उरणार नाहीं.