उचललेले टोक

टेलिकास्टरच्या मानेकडील पिकअपवर जे चकचकीत कव्हर असते, त्याची एक पट्टी आतून वळवून कॉइलच्या काळ्या तारेशी जोडलेली असते, आणि मूळ जोडणीत ती तार ग्राउंडला जात असल्यामुळे कव्हरही निमूटपणे ग्राउंडवर राहते. परंतु दोन पिकअप सिरीजमध्ये घ्यावयाचे ठरले म्हणजे एकाचे ग्राउंडचे टोक उचलून दुसऱ्याच्या हॉट टोकाला लावावे लागते, आणि ज्याचे टोक उचलले त्याचे कव्हर त्या क्षणापासून सिग्नलमध्ये भागीदार होऊन बसते. बोट लागले की गुरगुर. ब्रिजकडच्या पिकअपचे टोक उचलावे, असे नवशिक्याला हटकून सुचते; पण त्याच्या बुडाची धातूची प्लेट त्याच्याच ग्राउंडशी बांधलेली असून तिच्या स्क्रूंवाटे ब्रिज आणि ब्रिजवाटे साऱ्या तारा ग्राउंड होतात, तेव्हा तिथे हात घालणे म्हणजे कव्हरवरची तक्रार सहाही तारांवर वर्ग करणे होय.

सबब कव्हरचा तो जोड तोडून त्याला स्वतंत्र तिसरी तार द्यावी, एवढीच तजवीज. मात्र हा जोड ज्या खाचेपाशी असतो तिथेच कॉइलच्या तारेचे टोक आलेले असते, आणि मानेकडील कॉइल ४३ गेजची, म्हणजे जेमतेम ०.०५६ मिलिमीटर जाडीची. आयर्न क्षणभर अधिक टेकले की पिकअप कायमचा मुका. गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात नेमका याच क्षणी कापू लागला आहे. पॉट, स्विच, जॅक यांना त्याची काही हरकत नाही, ते सोसतात. ही एक खाच तेवढी सोसत नाही.

सिरीज जोडणीला गरिबाचा हम्बकर म्हणून हिणवण्याची चाल आमच्या धंद्यात आहे, ती मला कधीच मानवली नाही. सेथ लव्हरने १९५५ साली गिब्सनसाठी जो हम्बकर सिद्ध केला, त्यातही दोन कॉइल सिरीजमध्येच आहेत हे खरे. परंतु त्या एकमेकींना खेटून असल्याने तारेच्या जवळजवळ एकाच भागाचे कंपन ऐकतात, उलट टेलिकास्टरच्या दोन कॉइल दूर बसून दोन निराळ्या साक्षी देतात. त्यांचे प्रतिबाधन आणि प्रेरकत्व यांची बेरीज होते, आवाज भरतो, कंपनशिखर खाली उतरते आणि मधला स्वर पुढे येतो; पॅरललमधली ती काचेची किणकिण मात्र जाते. ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांच्या साहाय्याने घरीच घडविलेल्या गिटारीत तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप सिरीजमध्येच आहेत, आणि ज्या क्वीन बँडमध्ये ती गिटार वाजली त्या बँडचा गायक आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला, हे मी गिऱ्हाइकांना अकारण सांगत आलो. हल्ली सोल्डरशिवाय जोडावयाचे तयार बोर्ड मिळतात, जुन्या तेलकट कॅपॅसिटरांना देव मानणारे लोकही दुकानात येतात. कव्हर कुठे जोडले आहे, हे यांतला एकही विचारीत नाही.

अखेर ती खाच उमेदवारीला असलेल्या मुलाच्या स्वाधीन केली. त्याने काट्याचा मीटर लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचलला, उचलताना काटा दोन्ही पिकअपवर एकाच दिशेने हलतो याची खातरजमा केली, आणि मग आयर्न असे टेकवले आणि उचलले, की मी श्वास रोखायच्या आत काम आटोपले होते. मीटर कव्हरवर ठेवून तो म्हणाला, "काका, कव्हर आता कॉइलपासून सुटं आहे, बघून घ्या." मी पाहिले नाही, पाहण्याची गरज नव्हती, आणि पाहिले असते तर त्याचा डाख माझ्या तिशीतल्या डाखापेक्षा गोल आणि चकचकीत आहे, हे कबूल करावे लागले असते.

संध्याकाळी त्या गिटारीच्या मालकाने चौथ्या, म्हणजे सिरीजच्या, पोझिशनवर स्विच टाकून दोन सूर छेडले, कव्हरवर मुद्दाम तळवा दाबून पाहिला आणि माझा हात अजून तसाच आहे म्हणून तोंडभर तारीफ केली. मुलगा त्या वेळी चहा सांगायला खाली गेला होता. मी ती तारीफ ठेवून घेतली, आणि बिलही माझ्याच दराने केले.