निवळलेले पाणी

धुळ्याच्या घरी आषाढात नळाला चहासारखे पाणी येई. आजी हंड्यात तुरटीचा खडा फिरवी. तासाभराने गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी नितळ दिसे. ‘मालविकाग्निमित्रा’त कालिदासाने विद्वानाच्या सहवासाला दृष्टान्त दिला आहे तो निवळीच्या फळाने स्वच्छ होणाऱ्या पाण्याचा. मनुस्मृती बजावते, की निवळीचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही. (काही समीक्षा वाचताना मला हे हटकून आठवते.)

पण निवळणे म्हणजे शुद्ध होणे नव्हे, हे दोघेही सांगत नाहीत. एका पावसाळ्यात तेच नितळ पाणी पिणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ती अंथरुणाला खिळून होती. तुरटीने मातीचे कण एकवटून खाली बसतात, जंतू मात्र पुष्कळ उरतात. त्यांना क्लोरीन हवे, आणि त्याला किमान अर्धा तास द्यावा लागतो. गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्ची पडते. म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन.

जळगावला बहिणीच्या घरी आज हाच क्रम आहे. वासाने पाहुणे नाक मुरडतात. ती घड्याळाकडे बोट दाखवते : अजून दहा मिनिटे.