सीताफळाचे बारसे

पावसाळा सरता सरता बालाघाटाच्या उतारावर सीताफळांचे डोळे उघडू लागतात आणि रस्त्याच्या कडेला बाया पाट्या मांडून बसतात. आमच्या बीडच्या या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हां सर्वांनाच अभिमान वाटला. परंतु हे झाड मूळचे अमेरिकेचे, आणि त्याचे जगन्मान्य नाव ठेवणारा गृहस्थ स्वीडनचा! सेमिनरीत लॅटिन शिकत असताना एका जुन्या ग्रंथात 'अ‍ॅनोना स्क्वामोसा', अर्थात खवल्याखवल्यांचे सीताफळ, हे नाव आम्ही प्रथम वाचले. त्यापुढे 'एल' हे एकच अक्षर होते. ते अक्षर म्हणजे कार्ल लिनिअस.

त्याचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील एका खेड्यात झाला. वडील नील्स हे लुथरन पाळक होते व त्यांना बागेचा मोठा नाद होता. तेथील शेतकऱ्यांत त्या काळी आडनाव नसे. विद्यापीठात नाव नोंदविताना ते हवे म्हणून नील्स यांनी आपल्या शेतातल्या लिंडन वृक्षावरून 'लिनिअस' हे आडनाव घेतले. ज्याला झाडाने आडनाव दिले, त्याने पुढे झाडांना आडनावे द्यावीत, हा योग मोठा गोड आहे.

त्यापूर्वी वनस्पतीचे नाव म्हणजे ओळभर लॅटिन वर्णन असे. १७५३ सालच्या 'स्पेसिस प्लांटारम' या ग्रंथात लिनिअसने सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा तिचा स्वतःचा. त्याचे विद्यार्थी वनस्पती गोळा करीत जगभर हिंडले. त्यांना 'प्रेषित' म्हणत, आणि त्यांतील कित्येकांना परदेशीच मरण आले. १० जानेवारी १७७८ रोजी लिनिअस निवर्तला. पुंकेसर मोजून वर्ग पाडण्याची त्याची पद्धत शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडून दिली. दोन शब्दांची नावे मात्र टिकली.

ही कीर्ती त्याने एकट्याने मिळविली नाही. तो स्वतः कधी हिंदुस्थानात आला नव्हता. येथील झाडांसाठी त्याने 'होर्टुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. व्हान रीड या डच अधिकाऱ्याने कोचीन येथे सिद्ध केलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात सीताफळही आहे. त्यामागे मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट मिशनऱ्याचे साहाय्य होते, इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे ज्ञान होते, तसेच रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोकणी वैद्यांचे श्रम होते. या तिघांनी १६७५ साली लिहिलेली साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेली आहे. व्हान रीडने त्यांची नावे गाळली नाहीत, हा त्याचा मोठेपणा!

झाडांपाशी लिनिअसचा हात सहसा चुकला नाही, माणसांपाशी चुकला. १७५८ साली त्याने मनुष्यमात्राला 'होमो सेपियन्स', म्हणजे शहाणा माणूस, हे एकच नाव दिले. त्याच ग्रंथात त्याने रंगावरून माणसांचे चार गट पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटविला. युरोपीय नियमाने चालणारा, आशियाई मताने, आफ्रिकी लहरीने! पुढे वर्णद्वेष्ट्यांनी याच मांडणीचा आधार घेतला. म्हणून आज त्याच्या नावाचा गौरव होतो, तसा त्याला जाबही विचारला जातो.

आम्हीही तो विचारीत होतो, आणि मोठ्या तोऱ्यात. दसरा-दिवाळीनंतर आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक 'कोयता'. काही वर्षांपूर्वी जाणाऱ्यांची यादी करताना आम्हीही सवयीने लिहून गेलो : 'वरची वस्ती, सात कोयते.' शेजारी उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलीने ती ओळ वाचली व विचारले, "फादर, ह्यात माझी आई कुठंय?"

आम्ही निरुत्तर झालो. त्या मुलीचा बाप्तिस्मा आम्हीच केला होता. तिच्या आईचे नाव आमच्याच नोंदवहीत, आमच्याच अक्षरात होते. एका फळाचे लॅटिन नाव आम्हांस तोंडपाठ होते, आणि ती फळे पाटीत घेऊन रस्त्यावर बसणारी ती बाई मात्र आमच्या यादीत अर्धा कोयता झाली होती.

आम्ही ते पान फाडले आणि नव्याने चौदा नावे लिहिली. वाचकहो, त्यांतील तीन आम्हांस त्या मुलीला विचारावी लागली.