करडईचा काटा

नांदेड

चि. बाळास,


पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी ठेच लागली: ‘मामा, पुढच्या महिन्यापासून घाण्यावरच्या करडई तेलाचा भाव लिटरमागे पन्नास रुपये उतरवतो, बघू कंपन्या काय करतात.’ अरे, कंपन्या काहीही करणार नाहीत, त्यांना कळणारसुद्धा नाही! देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं एकूण आयातशुल्क सप्टेंबर 2024मध्ये 5.5 टक्क्यांवरून 27.5 झालं, आणि मे 2025अखेर 16.5वर आलं. म्हणजे तू ज्या डब्याशी झुंजायला निघालास त्याचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेने हलतो. तुझा हलतो औशाच्या रानात किती ओल राहिली त्यावर. करडईत तेल जेमतेम 30 टक्के, लाकडी घाण्यावर त्यातलंही बरंचसं पेंडीत जातं. पन्नास रुपये कुठून काढणार आहेस? हिशेब घाईत करायची तुझी खोड काही जात नाही.

निरमाचं उदाहरण तू देणार हे ठाऊकच होतं, सगळेच देतात. करसनभाई पटेलांनी 1969मध्ये अहमदाबादेत सायकलवरून पावडर विकायला सुरुवात केली आणि सर्फच्या जवळपास पावपट किमतीत ती दिली, हे खरं. पण त्यांची पावडर तयार व्हायलाच स्वस्त पडायची. हाताने मिसळायची, ना मोठं यंत्र, ना मोठा पगार. तुझं तेल रिफायनरीच्या तेलापेक्षा महागच पडणार. निरमाची नक्कल करायची तर ती हिशेबाची कर, भावाची नको.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते जरा लांबेल. सफोला हे नाव ‘सॅफ्लॉवर’वरून, म्हणजे आपल्या करडईवरूनच आलं. आज सफोला गोल्डचा डबा फिरवून वाच: भाताच्या कोंड्याचं तेल आणि सूर्यफूल. करडई का सुटली असेल? माझा तर्क असा की मोठ्या कारखान्याला बारमाही, एकसारखा माल लागतो, आणि इकडे करडई आटत गेली. खरिपात सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा पसरला. शिवाय काटे. फेब्रुवारी-मार्चात पहाटे दवाने काटा नरम असतो तेवढ्यातच काढणी उरकायची, हातात मोजे, पायाला पोत्याचं फडकं. ऊन चढलं की झाडाला हात लावू देत नाही. त्या कामाला आता मजूर सापडत नाही. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईचे चार तास टाकायचे ते गुरं आत शिरू नयेत म्हणून. तोच काटा आज तुझ्या धंद्याचं कुंपण आहे, आणि तू ते स्वतःच उपटायला निघालास! भावात घालवणार तो पैसा रानात घाल. परभणीच्या विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’ वाण आण, पेरणीआधी भाव लेखी दे, काढणीला हार्वेस्टर भाड्याने लाव. काढणीची काळजी मिटली की शेतकरी पुन्हा करडईकडे वळेल, आणि वळला की तो तुझा.

‘उद्या मोठ्या कंपन्या करडईकडे परत आल्या तर?’ येतील. घाण्याच्या तेलाच्या बाटल्या त्यांनीही काढल्यात. पण निलंग्याच्या एका गावातल्या वीस एकरांसाठी बांधावर चार चकरा मारणारा माणूस त्यांच्या खर्चात बसत नाही, तुझ्या बसतो. ‘मग वाढ फार हळू होईल,’ असं म्हणशील. होईल हळू. आधी औसा-निलंगा, मग लोहा-कंधार, आणि तेही माल हातात आल्यावरच. पुण्याच्या दुकानांचं नाव काढू नकोस. तिथे दोन महिन्यांच्या उधारीवर माल ठेवायचा, आणि मार्चात करडई मात्र रोखीने घ्यायची, हे जमतं कुणाला?

आता जे लिहायला मुळात बसलो होतो ते. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस की सवलतीचा तोटा भरायला जमिनीवर कर्ज काढतोयस. मुद्दाम बारीक लिहिलंस ना? नवं यंत्र घ्यायला कर्ज काढलंस तर मी जामीन राहीन. तोटा भरायला नाही. ताईला सांगितलंस का? परवा फोनवर ती नेहमीसारखीच बोलत होती, म्हणजे तिला माहीत नसावं. कागदावर सही झाली नसेल तर थांब, आणि झाली असेल तर तेही आजच कळव, मी सकाळच्या गाडीने निघतो.

तुझा
मामा