पडद्यामागील मंडळी

नाटक रंगांत आलें असतां पडद्यामागें कोण काय करीत आहे याची चौकशी सुज्ञ प्रेक्षक करीत नाहीं. संगणकाच्या बाबतींत हा सुज्ञपणा आम्हीं एका रात्रीं सोडला, आणि त्याचें प्रायश्चित्त आम्हांस तत्काळ भोगावें लागलें.

गोष्ट २००९ सालची. आमचे कॉलेजांतील गुरुजी नुकतेच निवर्तले होते व त्यांच्यावरील मृत्युलेख दुसऱ्या दिवशीं सकाळीं छापखान्यांत जावयाचा होता. चार पानें लिहून झालीं होतीं. तीं जतन करून ठेवण्याचें मात्र राहिलें होतें. इतक्यांत विंडोज एक्सपीवर चालणारा आमचा संगणक अक्षरागणिक अडूं लागला. लेखाची खिडकी खालीं सारून आम्हीं टास्क मॅनेजर उघडला. टास्क मॅनेजर म्हणजे यंत्रांत त्या घटकेस कोण कोण राबत आहे त्याचा हजेरीपट. मायक्रोसॉफ्टमधील डेव्ह प्लमर या अभियंत्यानें तो मूळ घरच्या घरीं रचला, व १९९६ सालीं विंडोज एनटीच्या चौथ्या आवृत्तींतून तो लोकांपुढें आला.

हजेरीपट पाहून आमची छाती दडपली. आम्हीं उघडलेले कार्यक्रम दोन, आणि राबणारीं नांवें तीसांवर! त्यांत ‘एसव्हीसीहोस्ट’ हें एकच नांव पांचसहा वेळां. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा एक तोतया उभा राहिला, तर पुण्यांत केवढा गहजब झाला. येथें सहा भाऊ एकदम उभे! वास्तविक हा तोतया नव्हे, हा बिऱ्हाडकरू ठेवणारा यजमान. घड्याळ जुळविणें, जाळ्याशीं संधान राखणें असलीं कामें करणारे अनेक सेवक याच्या एकेका घरांत दाटीनें राहतात. २०१७ पासून, साडेतीन गिगाबाइटांहून अधिक स्मृति असलेल्या यंत्रांत विंडोज १० यांतील बहुतेकांस स्वतंत्र बिऱ्हाड देऊं लागली. म्हणून आतां हें नांव पन्नास वेळां दिसलें तरी दचकण्याचें कारण नाहीं. खऱ्या तोतयाचें नांव एखाद्या अक्षराच्या अदलाबदलीनें लिहिलेलें असतें, किंवा त्याचा पत्ता भलत्याच फोल्डरांत निघतो. अलीकडील टास्क मॅनेजरांत नांवावर उजवी टिचकी मारली कीं हा पत्ता पाहतां येतो. त्या रात्रीं हें आम्हांस कोण सांगणार?

याहून मोठी फजिती पुढेंच होती. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नांवापुढें ९८ चा आंकडा! यंत्राची बहुतेक शक्ति एक आळशी इसम फस्त करतो, हें पाहून आमचा संताप अनावर झाला. त्यास हांकलण्याचे यत्न केले. यंत्र दाद देईना. हा आंकडा खाल्ल्याचा नसून उरल्याचा, हें इंग्रजी शिकून पदवी मिळविलेल्या आम्हांस मागाहून कळलें. प्रोसेसर शंभरांतील ९८ भाग रिकामाच बसला होता. तोटा होता तो स्मृतीचा, व त्यापायीं बिचारी डिस्क एकसारखी घरघरत होती.

या झटापटींत चौकटीच्या कडेवर आमची दोनदा टिचकी पडली असावी. क्षणांत वरचा मथळा, मेनू, बंद करण्याची फुली, सारें गडप होऊन नुसती यादी उरली. हा विषाणूचाच खेळ, अशी आमची खात्री झाली. यादींत ‘एक्सप्लोरर’ दिसला. तो केवळ इंटरनेट दाखविणारा, असें समजून आम्हीं त्यास गारद केलें, आणि पडद्यावरील चिन्हें व खालची पट्टी नाहींशी झाली. आतां सर्वस्व बुडालें असें मानून आम्हीं विजेचें बटण बंद केलें.

दुसऱ्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें तीच अवस्था आम्हांस पुन्हां करून दाखविली. कडेच्या रिकाम्या जागेवर दोनदा टिचकी मारतांच मेनू परत आला. मेनूंतून नवें काम मागून त्यानें ‘एक्सप्लोरर’ असें टंकिलें, आणि पडदा पूर्ववत् भरला. मग तो जरा संकोचानें म्हणाला, “सर, लेखाला कांहींच झालें नव्हतें. ऑल्ट आणि टॅब दाबलें असतें तर तो समोर आला असता.”

म्हणजे आम्ही बटण बंद करीपर्यंत तो लेख जिवंत होता! छापखान्याकडून एक दिवसाची मुदत मागून आम्हीं तो पुन्हां लिहिला, व तो छापूनही आला. परंतु गुरुजींनीं आमची पहिली वही तपासून परत दिली तो प्रसंग पहिल्या खेपेस आम्हीं कसा सांगितला होता, तें अद्याप आठवत नाहीं.