पेढीचे टपाल क्लाउडवर नेण्यापूर्वी



पत्रास कारण की, चेन्नईच्या सौकारपेटमधील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, पेढीचा ईमेल आणि कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यावे की नाही, आणि न्यायचे तर कोणत्या कंपनीकडे, अशी पृच्छा चि. भाचेबुवांनी केली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘न्यावे’ असे आहे आणि दुसऱ्याला लोक देतात तेवढे महत्त्व नाही. चिरंजीवांच्या पत्रात जो प्रश्न आलाच नाही तो मात्र या व्यवहारात सर्वांत मोठा आहे: ज्या नावाने पेढीला टपाल येते ते नाव, व्यवस्थापनाच्या किल्ल्या आणि जुन्या पत्रव्यवहाराची एक प्रत यांचा ताबा अखेर कोणाकडे राहणार?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, मोठ्या डेटा सेंटरमध्ये रात्रंदिवस चालू असलेले संगणक, ज्यांवरची जागा आणि सॉफ्टवेअर दरमहा किंवा दरवर्षी माणशी भाडे भरून इंटरनेटवरून वापरता येते. हे संगणक सातासमुद्रापार असतात अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात आपली पहिली क्लाउड केंद्रे उघडली ती पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, आणि चेन्नईच्याच झोहो कंपनीची भारतीय ग्राहकांसाठीची डेटा सेंटरे मुंबई व चेन्नईत आहेत. म्हणजे सौकारपेटमधून पाठवलेले पत्र शहराबाहेर न जाताही साठवले जाणे शक्य आहे. परंतु संगणक जवळ असणे आणि त्यांवर हुकूम चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे ते या भेदावरच आधारलेले आहे.

विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी टापूतून निघून सोने-चांदी गाळण्याच्या कसबावर देशभर पांगलेल्या कुटुंबांच्या पेढ्यांत ईमेलची स्थिती बहुधा एकसारखी असते. पत्ता कोणातरी हिशेबनिसाच्या खासगी, फुकटच्या खात्याचा असतो. किंवा पेढीच्या नावाचा असला तरी पत्रे पॉप नावाच्या जुन्या पद्धतीने एकाच संगणकावर उतरवून घेतली जातात, आणि ही पद्धत नेहमीच्या मांडणीत सर्व्हरवरची मूळ प्रत पुसून टाकत असल्याने दहा वर्षांची बिले, कस लावल्याचे अहवाल आणि बँकेचा पत्रव्यवहार त्या एका यंत्रातल्या एका फाइलीत साठून राहतो. हिशेबनीस नोकरी सोडून गेला, की पहिल्या प्रकारात पेढीचे टपाल त्याच्याबरोबर जाते. यंत्र बिघडले, की दुसऱ्या प्रकारात ते कायमचे जाते.

चेन्नईत यंत्र बिघडण्याची कारणे हवामान खात्याच्या नोंदींत सापडतात. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा गिंडी आणि एक्काट्टुतांगल येथील लहान कारखान्यांची यंत्रसामग्री बुडाली, आणि कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू न शकल्यामुळे ‘द हिंदू’ची चेन्नई आवृत्ती २ डिसेंबरला निघाली नाही, जे १८७८ पासून कधी घडले नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळाच्या पावसाने अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत पाणी भरले. अशा शहरात तळमजल्यावरच्या संगणकात एकमेव प्रत ठेवणे हे धाडस म्हणता येत नाही, तो निष्काळजीपणा होय. क्लाउडलाही वादळ लागते, हे मात्र नमूद केले पाहिजे: १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा वादळात समुद्राखालील केबलला इजा होऊन चेन्नईत इंटरनेट मंदावले होते. तेव्हा काम अडले, परंतु कागद गेले नाहीत, आणि पेढीच्या दृष्टीने हा फरक पुरेसा आहे. स्वतःचा सर्व्हर बाळगण्याचा तिसरा मार्ग आता मोठ्यांनाही परवडेनासा झाला आहे. त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०२१ च्या मार्चमध्ये जगभर फोडले गेले, आणि त्याच्या २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

म्हणून न्यावे, हे ठरले. आता ताब्याविषयी.

नायरा एनर्जी ही गुजरातेत वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध घातले. हे निर्बंध भारताला लागू नव्हते आणि मायक्रोसॉफ्ट ही अमेरिकी कंपनी आहे, तरीही काही दिवसांतच तिने नायराचा ईमेल आणि बैठकांचे सॉफ्टवेअर थांबवले. नायराने भाडे चुकवले नव्हते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सुनावणीपूर्वीच सेवा पूर्ववत झाली, पण मधल्या काळात देशाच्या शुद्धीकरण क्षमतेचा लक्षणीय वाटा सांभाळणाऱ्या या कंपनीला मुंबईच्या रेडिफच्या सेवेचा आश्रय घ्यावा लागला. तिला असे झटपट दुसरीकडे वळता आले, कारण पत्त्यातले नाव तिच्या स्वतःच्या मालकीचे होते; क्लाउड हे भाड्याचे घर आहे आणि घरमालकाने कुलूप लावले तरी पत्ता भाडेकरूचा असेल तर टपाल नव्या घरी वळवता येते.

त्यावर कोणी म्हणेल, की मग देशी कंपनीकडे जावे. त्याचे उत्तरही चेन्नईतच मिळते. झोहो, म्हणजे श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अॅडव्हेंटनेट या नावाने सुरू केलेली कंपनी, हिने २००५ मध्ये इंटरनेटवरचा लेखनसंच आणि २००८ मध्ये ईमेल सेवा आणली. २४ सप्टेंबर २०१८ रोजी या कंपनीचे सर्व संगणक चालू असताना तिच्या लाखो ग्राहकांना काहीच उघडेना, कारण तिचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नोंदणीकृत नाव, ज्या अमेरिकी रजिस्ट्रारकडे नोंदवलेले होते त्याने फसवणुकीच्या पत्रांविषयीच्या काही तक्रारींवरून ते नाव बंद करून टाकले. नाव परत मिळवण्यासाठी खुद्द वेंबूंना समाजमाध्यमावर जाहीर विनवणी करावी लागली, आणि पुढे कंपनीने स्वतःच रजिस्ट्रार होण्याचे ठरवले. इतकी यंत्रसामग्री बाळगणाऱ्या कंपनीचा गळाही त्या एका नोंदीत अडकला होता.

केंद्र सरकारने हा धडा करारातच उतरवलेला दिसतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा ईमेल, सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या खात्यांसह, २०२३ च्या सात वर्षांच्या कंत्राटानुसार झोहोच्या व्यवस्थेवर हलवला गेला. परंतु पत्त्यांतील ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ ही नावे बदलली नाहीत आणि माहितीची मालकी सरकारकडेच राहिली. सात वर्षांनंतर दुसरा पुरवठादार आला तरी कोणत्याही तहसीलदाराला नवा पत्ता छापावा लागणार नाही. पेढीने अनुकरण करायचे ते यातल्या पुरवठादाराच्या निवडीचे नव्हे, या मांडणीचे.

ती मांडणी पेढीपुरती अशी होते. डोमेन पेढीच्या किंवा मालकाच्या नावे नोंदलेले असावे, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावे नव्हे. लहान व्यवसायांत हा घोटाळा इतका सर्रास होतो, की तो घोटाळा आहे हेही कोणाला जाणवत नाही. रजिस्ट्रारकडच्या खात्यासाठी दिलेला संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, अन्यथा नाव बंद पडले तर ते सोडवण्याची पत्रेही त्याच बंद पेटीत पडतील. व्यवस्थापकाचे खाते, ज्याला सर्वांचे पासवर्ड बदलण्याचा अधिकार असतो, ते रोजच्या वापरापासून वेगळे, पासवर्डशिवाय दुसरा पुरावा मागणारे आणि घरातील दोन विश्वासू माणसांना ठाऊक असावे. आणि पुरवठादार कितीही मोठा असो, पत्रांची आणि फाइलींची एक प्रत ठरावीक मुदतीने उतरवून त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण सर्व यंत्रांवर आपोआप एकसारखी होत जाणारी साठवण ही चूक आणि पुसून टाकणेसुद्धा तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचवते.

प्रत्यक्ष स्थलांतर वाटते त्याहून सोपे असते. कोणत्या डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरवर टाकायचे हे सांगणाऱ्या नोंदीला एमएक्स म्हणतात. आधी नवी खाती उघडावीत, मग सुट्टीच्या आदल्या रात्री ही नोंद बदलावी, जुनी सेवा काही आठवडे चालू ठेवावी, आणि जुनी पत्रे आयमॅप या पद्धतीने, जिच्यात मूळ प्रत सर्व्हरवर राहते, सावकाश ओढून घ्यावीत. खाती उघडताना माणसांच्या नावांपेक्षा कामांच्या नावांचे पत्ते, जसे हिशेब, चाचणी, खरेदी, अधिक उपयोगी पडतात. त्रास होईल तो फाइलींचा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेली मराठी पत्रे क्लाउडवरच्या लेखनसंचात निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन उघडतात, तमिळमधील जुन्या फाँटांचीही तीच गत आहे, त्यामुळे ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून वाचून पाहावीत. एक्सेलमध्ये कोणा हुशार कारकुनाने लिहून ठेवलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक आकडेमोड आपोआप करणारे आदेश, दुसऱ्या कंपनीच्या संचात जसेच्या तसे चालतीलच असे नाही. टॅलीतील हिशेब या व्यवहारात हलत नाहीत. त्यांना हात लावू नये.

एमएक्ससोबत आणखी तीन नोंदी कराव्या लागतात आणि त्या केल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. एसपीएफ ही नोंद या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे सांगते, डीकेआयएम प्रत्येक पत्रावर बनावट करता न येणारी सही उमटवते, आणि या परीक्षांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू या नोंदींबाबत कडक झाले असून त्या नसलेली पत्रे नाकारली जाऊ शकतात किंवा कचऱ्याच्या पेटीत पडू शकतात. सोन्याच्या व्यापारात तर यांची गरज दुप्पट आहे, कारण ‘बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम खालील खात्यात भरावी’ असे पत्र पेढीच्या नावाने गिऱ्हाइकाला धाडणारे ठग एका पत्रात मोठी रक्कम उचलतात. अर्थात मिळत्याजुळत्या दुसऱ्या नावाने आलेले पत्र या नोंदींनी अडत नाही, म्हणून खाते बदलल्याच्या प्रत्येक पत्रावर जुन्या नंबरला फोन करून खात्री करण्याचा शिरस्ता पाळावा, आणि घात झालाच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

कायद्याचे थोडक्यात. पेढी प्रायव्हेट लिमिटेड केलेली असेल तर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन २०२२ च्या दुरुस्तीने आले आहे. सायबर हल्ल्याची खबर सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत द्यावी, असा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे.

राहिला कंपनीचा प्रश्न. गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि झोहो या तिघांची सेवा दहा-पंधरा माणसांच्या पेढीला पुरून उरेल. झोहोचे भाडे साधारणतः कमी पडते आणि एक्सेलची सवय जडलेल्या हिशेबनिसाला मायक्रोसॉफ्ट जवळचे वाटते. याहून खोल विचार करण्याचे कारण नाही. सेवा सोडताना सर्व पत्रे कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळतील एवढे मात्र तिघांनाही लेखी विचारावे, आणि ज्याचे उत्तर गुळमुळीत येईल त्याला वगळावे.

तूर्त चिरंजीवांनी एवढेच करावे, की पेढीचे डोमेन कोणाच्या नावावर नोंदलेले आहे आणि त्याची मुदत कधी संपते याचा तपास याच आठवड्यात लावावा, आणि ते पेढीच्या नावावर होईपर्यंत कोणत्याही कंपनीच्या करारावर सही करू नये.